मधल्या दारापाशी संपणारे घर

हे मधल्या दारापाशी थांबले तेव्हा घड्याळात पाच वाजून दहा मिनिटे झाली होती. हातात काठी, खांद्यावर पंचा, पायांत रबरी चपला, असा रोजचाच थाट होता. दार सताड उघडे होते आणि पलीकडे कारखान्यात यंत्रांची घरघर चालू होती. यांनी काठीचे टोक उंबऱ्यावर टेकवले, पुढची हवा काठीने चाचपली आणि माझ्याकडे वळून पाहिले.

"हितं घर संपलं की गं," हे म्हणाले.

"भलते काही बोलू नका. समोर कारखाना आहे. जा, चहा निवेल."

"कुठाय कारखाना? आवाज हाय, पर जागा न्हाई."

त्या वाक्याचा अर्थ घरात फक्त मला कळला.

इचलकरंजीच्या मुलींच्या शाळेत मी बत्तीस वर्षे विज्ञान शिकवले, त्यातली शेवटची अकरा वर्षे मुख्याध्यापिका म्हणून. निम्मे गाव मला अजून 'बाई' म्हणते आणि थट्टेत हेसुद्धा तसेच म्हणतात. यांचे आयुष्य कापडाच्या मागांशेजारी गेले. कुठल्या मागाचा कुठला दात झिजला आहे, हे यांना नुसत्या खडखडाटावरून कळत असे. एक्याऐंशीव्या वर्षी या माणसाला आपल्याच घरात न्हाणीघर सापडेनासे झाले. आधी बाजारपेठ हरवली, मग गल्ली, मग जिन्याखालची खोली. पलंगावर बसून हे मला विचारत, "आपण घरी कवा जायचं?"

नसीमा बागवान माझी विद्यार्थिनी. बेडकाच्या आकृतीत तीनच पाय काढले म्हणून मी तिला एकदा वर्गाबाहेर उभे केले होते. आता ती कोल्हापुरात मेंदूची डॉक्टर आहे. तिने मला समोर बसवले आणि म्हणाली, "बाई, आज तुम्ही बाकावर. मी शिकवते."

तिने नीट शिकवले, हे मला मान्य केले पाहिजे.

मेंदूच्या तळाशी, कानांच्या आतल्या अंगाला, समुद्रघोड्यासारखा वळलेला एक भाग असतो. मोकळ्या पेटीत उंदीर फिरू लागला की तिथली एखादी पेशी त्या पेटीतल्या एकाच जागी बोलते, बाकी सगळीकडे गप्प असते. दुसरी पेशी दुसऱ्या जागी बोलते. अशा पेशींच्या बोलण्यातून जागेचा नकाशा उमटतो. त्या भागाच्या शेजारी आणखी एका प्रकारच्या पेशी असतात. त्यांतली प्रत्येक पेशी थोड्याथोड्या अंतरावर पुन्हा पुन्हा बोलते, आणि ते ठिपके जोडले तर जमिनीवर सारख्या त्रिकोणांची जाळी तयार होते. कापडाची वीण उभ्या-आडव्या धाग्यांची असते, ही तिरप्या धाग्यांची. प्राणी किती पावले चालला आणि कुठे वळला, हे त्या जाळीवर मोजले जाते. काही पेशी फक्त कडेपाशी बोलतात. भिंत किंवा कठडा आला, की 'जग इथे संपले' असे त्या सांगतात.

"अण्णांची जाळी विरली आहे," नसीमा म्हणाली. "हा आजार पहिला घाला तिथेच घालतो. पण आता ती जाळी बाहेरून देता येते. फक्त तिला नमुना लागतो. त्याच घरात आयुष्यभर वावरलेल्या माणसाचा."

"म्हणजे माझा."

"तुमचाच. दुसऱ्या कुणाचा चालणार नाही."

मग अकरा दिवस मी मोजणीची टोपी घालून घरात चालले. टोपी हलकी होती, पण तिच्यात माणूस परीक्षेला बसल्यासारखा दिसतो. देवघर ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते माजघर, माजघर ते परसातली तुळस. माझ्या मेंदूत जागेगणिक जे उमटत होते, ते टोपी टिपून घेत होती. नंतर यांच्या मेंदूत केसाहून बारीक असे चौसष्ट धागे बसवले आणि माझे घर हळूहळू त्यांतून यांच्यात सोडायला सुरुवात केली. बेचाळीस दिवसांत मेंदू ते आपले म्हणून धरून ठेवतो. त्यानंतर त्यात भर घालता येत नाही.

नसीमाने बजावले होते, "अण्णांचे पाय जिथे जिथे जातात त्या प्रत्येक जागी तुम्ही चाललं पाहिजे. एकही सोडायची नाही." कागदावरही तशी ओळ होती. त्या ओळीपुढे मी 'होय' लिहिले.

कारखान्यात मी गेलेच नव्हते.

अठरा वर्षे झाली त्याला. धाकटे-थोरले असे आम्हाला नाही, एकच मुलगा. त्याचे नाव धैर्यशील. कारभार हाती आल्यावर त्याने जुने माग काढून आडवा धागा नेणाऱ्या धोट्याशिवाय चालणारी नवी यंत्रे आणायचे ठरवले. त्याला माझी हरकत नव्हती, मी विज्ञान शिकवणारी बाई. पण दाराजवळच्या कोपऱ्यात आमचा पहिला साधा माग होता. लग्नानंतरची सात वर्षे शाळा सुटली की मी त्या मागाशेजारी बसून सुताच्या कांड्या भरत असे. एकीकडे वह्या तपासायच्या आणि एकीकडे कांड्या. धैर्यशीलचा पाळणाही तिथेच बांधलेला असे. तो माग बंद पडला तरी हलवायचा नाही, असे मी सांगून ठेवले होते. बोर्डाच्या परीक्षेची केंद्रसंचालक म्हणून मी हुपरीला होते, त्या दिवशी तो भंगारात गेला. परत आले तेव्हा फरशीवर चार बोल्टांची चार भोके होती आणि तेलाचा काळा डाग होता.

"आई, लोखंड होतं गं ते," धैर्यशील म्हणाला.

मी उंबऱ्यावर उभी राहून चौंडेश्वरीची आण घेतली, की या दाराच्या आत पुन्हा पाऊल टाकणार नाही. आम्हा देवांग कोष्ट्यांमध्ये देवीच्या नावाने बोललेला शब्द परत घेत नाहीत. मी तर कुठलाच शब्द परत घेत नसे.

धैर्यशील आणि सून तेजस्विनी कारखान्यावरच्या मजल्यावर राहतात. सणावाराला ती दोघे पुढच्या दाराने येतात, पाया पडतात, मी ताट वाढते. बाकीचे दळणवळण यांच्यामार्फत. रोज पाच वाजता हे मधल्या दाराने कारखान्यात जायचे, मुलासोबत चहा प्यायचे आणि येताना निरोप आणायचे. "तुझा लेक म्हणतोय, गुडघ्याला तेल लाव." माझा निरोप जायचा, "त्याला म्हणावे, आधी स्वतःचे पोट कमी कर." असे आमचे टपाल अठरा वर्षे चालले.

आता टपाल दारात अडले होते.

दुसऱ्या दिवशी धैर्यशीलने यांचा हात धरून यांना दारापलीकडे नेले. चार पावलांवर यांनी हंबरडा फोडला आणि हे मटकन फरशीवर बसले. उचलून पलंगावर आणले, तरी तासभर यांना पलंग ओळखू आला नाही. जाळीबाहेर पडलेल्या माणसाला आतली वाटही सापडेना.

तिसऱ्या दिवशी मी निरोप धाडला, की चहा इकडेच घेऊन ये. धैर्यशील दोन कप घेऊन रस्त्यावरून वळसा घालून आला आणि यांच्यासमोर बसला. यांनी दोन घोट घेतले आणि काठी शोधू लागले.

"कुठं निघालासा, अण्णा?"

"पाच वाजलं. धैर्या वाट बघत असंल."

"आवो, मीच की धैर्या."

यांनी त्याच्याकडे निरखून पाहिले. चेहरा सौम्य होता, पाहुण्याशी बोलताना असतो तसा. "तुम्ही त्येच्यागत दिसतासा खरं. पर धैर्या हितं नसतोय. त्यो तिकडं असतोय."

"तिकडं म्हंजी कुठं?"

यांनी काठी उचलली, ती हवेत फिरली आणि कुठेच न थांबता खाली आली. "तेच की. ते कुठं गेलं, कुणास ठाऊक."

धैर्यशीलने कप गोळा केले. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाने खाली मान घालून कप गोळा करावेत आणि आईने ते पाहत बसावे, यात कसला मान आला? मी फार थकले होते. गुडघ्यांचे थकणे मला ठाऊक आहे, त्याला तेल लावता येते. हे त्या जातीचे नव्हते. अठरा वर्षे एक दार डोळ्यांनी बंद ठेवायलाही बळ लागते, आणि ते खर्च होत असते हे कळायला मला इतका काळ लागला.

मी नसीमाला बोलावून घेतले.

तिने पाटीसारख्या पडद्यावर माझे घर उघडले. रंगीत ठिपक्यांनी भरलेले. देवघरापाशी दाट, तुळशीपाशी दाट. पूर्वेच्या बाजूला मात्र ठिपके एका सरळ रेषेत कापल्यासारखे थांबले होते.

"बाई, इथे भिंत आहे ना?"

"नाही. दार आहे."

"बंद?"

"दिवसभर उघडे असते."

नसीमाने चष्मा काढला. "तुमच्या कडेच्या पेशी इथे अशा बोलल्या आहेत, जशा दगडी भिंतीपाशी बोलतात. मी भिंतच समजले. माझं चुकलं, मी विचारायला हवं होतं."

"तू विचारले होतेस. मी खोटे लिहिले."

"तुम्ही?"

"मी. आता बाकावर उभी राहू?"

ती हसली नाही. मी तिला सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि मग मला जे विचारावेसे वाटत होते तेच मी विचारले. "धैर्यशीलला टोपी घालून चालव. कारखाना त्याच्याइतका कोणाला ठाऊक आहे?"

"नाही जमत, बाई. प्रत्येकाच्या जाळीचं माप वेगळं, तिरपेपणा वेगळा. दोन मागांवरची कापडं शिवून जोडता येतात, पण एकाच उभ्या ताण्यात विणता येत नाहीत. अण्णांच्या डोक्यात त्या शिवणीवर पाऊल पडलं की पुन्हा कालच्यासारखंच होईल. जाळी एकाच माणसाची हवी."

"किती दिवस उरले?"

"आज बेचाळीसपैकी तिसावा. तुमच्या मेंदूत ती जागा नीट बसायला निदान नऊ दिवसांचं चालणं हवं, आणि मला ते जोडायला तीन."

"म्हणजे उद्यापासून."

"उद्या सकाळपासून. परवा उशीर झालेला असेल." ती उठली, पण दारापर्यंत जाऊन परत आली. "बाई, आठवणीही त्याच नकाशावर टांगलेल्या असतात. खुंटी काढली की खाली पडतात. अण्णा कारखाना विसरलेत असं नाही. तिथे टांगलेला माणूस विसरत चाललेत."

"कळले. मी मंद विद्यार्थिनी नाही."

"नाही, बाई. हट्टी आहात."

वर्गात असे बोलली असती तर तिला पुन्हा बाहेर उभे केले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाल्यावर मी देवीला सांगितले की आज मी शब्द मोडणार आहे. विचारले नाही, सांगितले. कौल लावून सोयीचे उत्तर काढून घेणारी माणसे मला आवडत नाहीत. मोडायचा तर उघड मोडावा आणि त्याचे जे असेल ते आपल्या शिरावर घ्यावे. मग टोपी घातली, पदर खोचला आणि मधल्या दाराच्या उंबऱ्यावर जाऊन उभी राहिले.

उंबरा चार बोटे उंच. माझा पाय उचलेना. आत यंत्रावर वाकलेल्या धैर्यशीलने वर पाहिले. त्याच्या हातातला पाना तसाच राहिला. मग तो घाईघाईने बटणाकडे गेला आणि एकेक यंत्र थांबू लागले.

"बंद करू नकोस," मी दारातूनच म्हणाले. "त्यांना आवाजासकट जागा हवी आहे."

अठरा वर्षांनंतर मी त्याच्याशी त्या दारातून बोललेले हे पहिले वाक्य. यंत्रे पुन्हा सुरू झाली आणि त्या आवाजात मी आत पाऊल टाकले.

कोणी रडले नाही, कोणी पाया पडले नाही. तेजस्विनी वरून खुर्ची घेऊन धावत आली. मी म्हणाले, "बसायला नाही आले, चालायला आले आहे." तरी तिने खुर्ची नेली नाही. भिंतीलगत ठेवून दिली आणि तिच्यावर उशी ठेवली. हुशार मुलगी आहे, इतकी वर्षे मला हे ठाऊक नव्हते.

मी चालत राहिले. दारापासून यंत्रांच्या दोन रांगांमधून मागच्या खिडकीपर्यंत, तिथून सुताच्या गठ्ठ्यांपर्यंत, तिथून यांच्या खुर्चीपर्यंत. खिडकीशेजारची ती लाकडी खुर्ची धैर्यशीलने कोणाला हलवू दिली नव्हती. रोज सकाळी एक तास आणि संध्याकाळी पाच वाजता एक तास. पहिले दोन दिवस मी त्याला यंत्रांविषयी काहीच विचारले नाही. तिसऱ्या दिवशी न राहवून विचारले, की धोटा नाही तर आडवा धागा नेतो कोण. त्याने यंत्र हळू करून दाखवले. डावीकडचा हात धागा मध्यापर्यंत आणतो आणि उजवीकडचा हात तो पकडून पुढे नेतो.

"चुकामूक होत नाही?"

"झाली तर यंत्र आपोआप थांबतंय, आई."

"बरे आहे. माणसांना ती सोय नाही."

तो पुन्हा यंत्रावर वाकला. खूप वेळ वाकलेलाच राहिला.

पाचव्या दिवशी तो म्हणाला, "आई, एक विचारू? तू दारातनं आत आलीस की दर बारीला हितनं वळसा घेऊन का जातीस? सरळ ये की. मोकळंच हाय."

मी खाली पाहिले. चार भोके सिमेंटने बुजवलेली होती, पण डाग तसाच होता. मला ठाऊक होते की तिथे काही नाही. डोळे तेच सांगत होते. तरी पाय डावीकडे वळले होते, मागाच्या दांडीला पदर अडकू नये म्हणून वळत असत तसे. मी मागे गेले आणि सरळ चालून पाहिले. तिसऱ्या पावलाला अंग आपसूक वळले.

"जाऊ दे," धैर्यशील हलकेच म्हणाला. "ऱ्हाऊ दे, आई."

नवव्या दिवशी नसीमा आली. पडद्यावर आता माझे घर पूर्वेला वाढले होते. दाराची रेषा फिकट होऊन गेली होती. त्यापुढे मात्र ठिपक्यांच्या मधोमध पलंगाएवढी एक जागा निराळ्याच रंगाने भरली होती.

"इथे काय आहे, बाई?"

"काही नाही."

"तुमचा मेंदू तसं म्हणत नाही." तिने बोट ठेवले. "पेटीत एखादी वस्तू ठेवली आणि नंतर काढून घेतली, तरी उंदराच्या काही पेशी त्या रिकाम्या जागी दिवसेंदिवस बोलत राहतात. वस्तू असताना गप्प आणि नसताना बोलक्या. या त्याच पेशी आहेत. हे असंच दिलं तर अण्णांच्याही डोक्यात जाईल. पुसायचं असेल तर तुम्ही यावरून सरळ चालत राहायला हवं. पण दिवस उरले नाहीत. तीन दिवसांत मला जोडणी करायचीय, त्यातला एक दिला तर काम कच्चं राहील."

यंत्रे चालू होती. धैर्यशील सुताच्या गठ्ठ्यापाशी उभा होता, ऐकत होता आणि ऐकत नसल्यासारखे करत होता.

"आहे तसे दे," मी म्हणाले.

बेचाळिसाव्या दिवशी मी पाच वाजण्याच्या आधीच कारखान्यात जाऊन उशीच्या खुर्चीवर बसले. नसीमाने तसे सांगितले होते, की यांना कोणी बोलवायचे नाही, हात धरायचा नाही. धैर्यशील यंत्राशी उभा राहिला. 

पाचला पाच मिनिटे कमी असताना काठीचा आवाज आला. हे दारात उभे राहिले. काठी उंबऱ्यावर टेकली, पुढे झाली, हवेत चाचपली. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. हे दारात किती वेळ उभे होते, मला सांगता येणार नाही. मग काठीचे टोक फरशीवर टेकले. यांनी उंबरा ओलांडला.

एक पाऊल, दोन पावले. तिसऱ्या पावलाला हे डावीकडे वळले, पंचा अंगाशी आवळून धरला, मोकळ्या फरशीला संथ वळसा घातला आणि पलीकडून पुन्हा सरळ झाले. रांगांमधून खिडकीपाशी गेले. आपल्या खुर्चीवर बसून काठी भिंतीला लावली.

"धैर्या," हे म्हणाले, "तिसऱ्या मशिनला तेल न्हाई. कान हायत का बटाटे?"

धैर्यशील तिसऱ्या यंत्राकडे गेला. त्याने तेलाची बुधली उचलली.

यांची नजर माझ्यावर आली. "बाई, तुम्ही हितं?"

"हो. चहाला आले आहे."

"मग बरोबर हाय," हे समाधानाने म्हणाले. "जागा बरोबर हाय."

चहा आणायला धैर्यशील स्वतः गेला. ट्रे घेऊन तो मधल्या दाराने आला, म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातून. सरळ चालत आला आणि त्या काळ्या डागापाशी थबकला. खाली पाहिले. त्याने ट्रे अंगाजवळ घेतला आणि डागाला वळसा घालून, कप खणखणू न देता, आमच्यापर्यंत आला.

मी माझा कप उचलला. साखर फार जास्त होती. तरी मी कप पूर्ण संपवला.